जिंकायची चाल बीजगणिताचीच हवी

प्रश्न : मी आठवीला बीजगणित शिकवते. वर्गात ४२ मुलं आहेत. दर शुक्रवारचा ३५ मिनिटांचा तास मी खेळासाठी राखून ठेवते. वर्गाचे दोन गट करते, फळ्यावर उदाहरण लिहिते आणि ज्याचा हात आधी वर जाईल त्याने उत्तर सांगायचं. गुण भिंतीवरच्या तक्त्यावर लावते. तासात साधारण २० उदाहरणं होतात. मुलं शुक्रवारची वाट बघतात, पण चाचणीत काही फरक दिसत नाही. ३क्ष + ५ चं अजूनही ८क्ष होतं, कंसाबाहेर उणे असलं की चिन्हं चुकतात, समीकरणात पद पलीकडे नेताना गोंधळ उडतो. उत्तरं देणारी मुलंही तीच सहा-सात. मागच्या आठवड्यात एक शांत, मन लावून वही लिहिणारी मुलगी येऊन म्हणाली, ‘बाई, शुक्रवारी मी ग्रंथालयात बसले तर चालेल का?’ सहकारी म्हणतात, हे खेळ म्हणजे अभ्यासक्रमाचा वेळ वाया घालवणं. खेळ बंद करू का?
– आठवीच्या बाई

उत्तर :

नमस्कार बाई,

खेळ बंद करू नका. हा खेळ मात्र बंद करा, आणि येत्या शुक्रवारपासूनच करा.

तुमच्याच पत्रातले आकडे बघा. मुलं ४२, उदाहरणं २०. प्रत्येक उदाहरण वेगळ्या मुलाला मिळालं, असं धरलं तरी २२ मुलांच्या वाट्याला एकही येत नाही. प्रत्यक्षात तर सहा-सात जणच उत्तरं देतात, म्हणजे पस्तीसेक मुलं ३५ मिनिटं ओरडतात, टाळ्या वाजवतात आणि पेन हातात धरत नाहीत. सराव हा शब्द त्यांच्या बाबतीत वापरताच येणार नाही. सहकाऱ्यांचं बोलणं तुम्हाला लागलं असेल, पण या एका खेळापुरतं ते खरं आहे. त्यावरून सगळेच खेळ निरुपयोगी ठरवणं मात्र चूक.

कुठलाही खेळ वर्गात नेण्याआधी एकच विचार करा : यात जिंकायला मुलाला नेमकं काय करावं लागतं? तुमच्या खेळात हात आधी वर करावा लागतो. म्हणून मुलं हात वर करण्यात पटाईत झाली. ज्या खेळात सजातीय पदं ओळखल्याशिवाय, कंस नीट सोडवल्याशिवाय किंवा क्षची किंमत घालून बघितल्याशिवाय पुढची चाल खेळताच येत नाही, त्यात मुलं तेच करायला शिकतात. आधी गणित सोडवा आणि मग बक्षीस म्हणून चेंडू फेका, असल्या खेळात चेंडू हाच खेळ असतो आणि गणित मध्ये येणारा अडथळा. मुलांना हा फरक लगेच कळतो. म्हणून चाल आणि गणित वेगवेगळे राहता कामा नयेत.

सुरुवात अगदी साध्या खेळाने करा. दोघांत एक फासा. प्रत्येकासमोर पाच उघडी कार्डं, दोघांची सारखीच : २क्ष + १, क्ष + ४, १० − क्ष, क्ष × क्ष आणि ३क्ष − ५. फासा टाकायचा, पडलेला अंक म्हणजे दोघांसाठी क्ष. प्रत्येकाने आपलं एक कार्ड निवडून त्याची किंमत वहीत मांडायची. वापरलेलं कार्ड बाजूला जातं. पाच वेळा फासा टाकून झाला की डाव संपतो आणि ज्याची बेरीज मोठी तो जिंकतो. जोडीदाराचा हिशेब तपासायचा, चूक सापडली तर त्या कार्डाचे गुण शून्य.

दिसायला किरकोळ वाटतं, पण बघा काय होतं. फाशावर ५ पडले की क्ष × क्ष टाकण्याचा मोह होतो, पण पुढे ६ पडले तर? आणि तीनदा १ पडून ते कार्ड हातातच राहिलं तर? अशा वेळी १० − क्ष हे कार्ड एकदम मोलाचं ठरतं. कार्ड निवडायचं म्हणजे उरलेल्या सगळ्या कार्डांच्या किमती काढून बघणं आलं. पहिल्यांदा फासा टाकल्यावर पाच, मग चार, तीन, दोन, एक : एका डावात एका मुलाने पंधरा राशींमध्ये किंमत घातलेली असते, शिवाय जोडीदाराची तपासलेली वेगळी. तुमच्या शुक्रवारी अख्ख्या वर्गात मिळून वीस होत होती.

या पाच कार्डांत एक गंमत मुद्दाम ठेवली आहे. फाशावर ३ पडले की २क्ष + १, क्ष + ४ आणि १० − क्ष या तिन्हींची किंमत ७ येते. कोणीतरी म्हणेलच, ‘बाई, कुठलंही टाकलं तरी तेच!’ तिथे खेळ दोन मिनिटं थांबवा. आणखी कुठल्या अंकाला दोन कार्डं सारखी होतात ते शोधायला सांगा. ६ ला २क्ष + १ आणि ३क्ष − ५ दोन्ही १३ होतात. म्हणजे मुलांनी २क्ष + १ = ३क्ष − ५ हे समीकरण सोडवलं, आणि समीकरण सोडवणं म्हणजे दोन राशी नेमक्या कधी सारख्या होतात ते शोधणं, हे त्यांना तुम्ही न सांगता दिसलं. आठवीतली कितीतरी मुलं समीकरण सोडवतात, पण आपण शोधतोय काय हे त्यांना माहीत नसतं.

दोन आठवड्यांनी लाल रंगाचा दुसरा फासा आणा. लाल फासा म्हणजे ऋण संख्या. −४ पडले की क्ष × क्ष चे −१६ लिहिणारी मुलं तुम्हाला लगेच सापडतील, आणि १० − (−४) म्हणजे ६ म्हणणारीही. मोठी बेरीज जिंकत असल्याने जोडीदार अशा ठिकाणी फार बारकाईने तपासतो. तुमच्या लाल पेनापेक्षा ती तपासणी मुलांच्या जास्त लक्षात राहते.

आता ३क्ष + ५ = ८क्ष या दुखण्याकडे येऊ. ‘विजातीय पदांची बेरीज होत नाही’ हे वाक्य मुलांना पाठ असतं आणि तरीही ती बेरीज करतात, कारण ३ आणि ५ समोर दिसले की हात आपोआप चालतो. त्यासाठी ‘नेहमी, कधीकधी, कधीच नाही’ हा खेळ. चार जणांच्या गटाला राशींच्या जोड्या लिहिलेली कार्डं द्या. गटाने ठरवायचं : या दोन राशी क्षच्या प्रत्येक किमतीला सारख्या असतात, काही किमतींना असतात, की कधीच नसतात? ३क्ष + ५ आणि ८क्ष ही जोडी पहिल्यांदा देताना फाशावर १ पडले तर फारच छान. दोन्हीकडे ८ येतात, गट खुशीत ‘नेहमी’ म्हणून मोकळा होतो. मग २ पडतात : ११ आणि १६. तिथे जी चर्चा होते, ती मोलाची आहे. एकदा जुळलं म्हणजे नेहमी जुळतं असं नाही, हे फळ्यावरून सांगून पटत नाही.

त्याच गठ्ठ्यात २(क्ष + ३) आणि २क्ष + ३ घाला. यांत कायम ३ चा फरक राहतो, म्हणजे ‘कधीच नाही’. तुमच्या मुलांची उणे चिन्हाची चूक पकडायला ५ − (क्ष − २) आणि ३ − क्ष ही जोडी घाला. पहिल्या राशीचं खरं रूप ७ − क्ष आहे, त्यामुळे फासा काहीही पडो, दोघांत ४ चा फरक. शेजारीच ५ − (क्ष − २) आणि ७ − क्ष हीसुद्धा एक जोडी ठेवा. (क्ष + ३) चा वर्ग आणि क्षचा वर्ग अधिक ९ ही जोडी तर हवीच. त्यांच्यात ६क्ष चा फरक पडतो, म्हणून क्ष शून्य असतानाच त्या जुळतात. फाशावर शून्य नसतो, त्यामुळे बहुतेक गट ‘कधीच नाही’ म्हणतील आणि एखादं मूल हळूच म्हणेल, ‘पण शून्य घेतला तर?’ त्या मुलाला पुढे बोलू द्या.

गुण कसे द्यायचे यावर इथे सगळं अवलंबून आहे. ‘कधीकधी’ म्हणणाऱ्या गटाने जुळणारी एक आणि न जुळणारी एक किंमत दाखवायची. ‘नेहमी’ म्हणणाऱ्याने फासा टाकून दाखवलेलं चालणार नाही, एका राशीला सरळ रूप देऊन दुसरी काढून दाखवायची. ‘कधीच नाही’ म्हणणाऱ्यानेही तसंच पदं मांडून फरक दाखवायचा. फासा खोटं पाडू शकतो, पण खरं ठरवू शकत नाही. सिद्धता म्हणजे काय याची ओळख इतक्या लवकर आणि इतक्या सहज दुसरीकडे कुठे होते, मला तरी माहीत नाही.

तिसरा खेळ समीकरणांचा, त्याला ‘गुंता’ म्हणा. एक जोडी क्षची किंमत मनात ठरवते, समजा क्ष = ४. मग दोन्ही बाजूंवर एकच क्रिया, एका ओळीला एक, अशा तीन क्रिया करायच्या. तीनने गुणलं : ३क्ष = १२. पाच वजा केले : ३क्ष − ५ = ७. दोन्हीकडे २क्ष मिळवले : ५क्ष − ५ = २क्ष + ७. फक्त ही शेवटची ओळ चिठ्ठीवर लिहून शेजारच्या जोडीला द्यायची. त्यांनी गुंता सोडवायचा आणि उकल मूळ समीकरणात घालून दोन्ही बाजू जुळतात का ते बघायचं. इथे दोन्हीकडे १५ येतात, म्हणजे ४ बरोबर. सुटला तर दोन्ही जोड्यांना गुण, त्यामुळे मुद्दाम अशक्य काही देण्यात कोणाचाच फायदा नाही. नाही सुटला तर चौघांनी मिळून कुठली ओळ चुकली ते शोधायचं.

‘पद पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं’ हे मुलांना जादूसारखं वाटतं. गुंता स्वतः करणाऱ्या मुलाला ते तसं वाटत नाही, कारण −५ तिथे कसे आले हे त्याने स्वतःच लिहिलेलं असतं. ते घालवायला दोन्हीकडे ५ मिळवायचे, एवढाच तो प्रकार. बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ अशी सूचना आहे, हा समज पहिलीपासून मुलांच्या डोक्यात पक्का झालेला असतो. आपण आज वापरतो ते = चिन्ह छापील पुस्तकात पहिल्यांदा १५५७ साली वेल्सचे गणिती रॉबर्ट रेकॉर्ड यांनी वापरलं, आणि दोन समांतर सारख्या रेषांइतक्या समान दुसऱ्या कुठल्याच दोन गोष्टी नसतात, असं त्याचं कारण दिलं. गुंत्याच्या तासाला हे मुलांना जरूर सांगा. एक मात्र बघालच : कोणीतरी दोन्ही बाजूंना शून्याने गुणेल आणि समोरच्यांना ० = ० देईल. रागावू नका. त्या चिठ्ठीतून क्ष परत का मिळत नाही, हे वर्गालाच विचारा. त्यानंतर शून्याने गुणायला बंदी आहे, हे कोणाला समजावावं लागत नाही.

क्ष × क्ष + ७क्ष + १२ अशा राशींचे अवयव सुरू झाले की गुणाकार १२ आणि बेरीज ७ अशा दोन संख्या ओळखायचा जोडीखेळ पुरतो. पुढे गुणाकार −१२ घ्या आणि बेरीज किती-किती येऊ शकते ते शोधू द्या. पूर्णांक संख्यांत ती १, ४, ११ आणि त्यांच्या विरुद्ध संख्या, एवढ्याच निघतात. न जमणारी एखादी चिठ्ठीही मिसळा, म्हणजे ‘अवयव पडत नाहीत’ हे उत्तरही द्यावं लागेल. बिंगो चालेल, कारण त्यात प्रत्येकाला स्वतःचं उदाहरण सोडवावं लागतं, फक्त वहीत मांडणी नसेल तर घर खोडायचं नाही. ‘माझ्याकडे हे आहे, कोणाकडे ते आहे’ ही कार्डांची साखळी (प्रत्येक कार्डावर एक उत्तर आणि पुढच्या कार्डासाठी एक प्रश्न) अख्ख्या वर्गात खेळू नका. एक बोलतो आणि एकेचाळीस जण वाट बघतात, पुन्हा तोच प्रश्न. तीच कार्डं चौघांत वाटून साखळी जुळवायला दिली तर ठीक.

आता तुमच्या त्या मुलीबद्दल. तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ तिची आहे. तिला बीजगणित नको आहे, असं तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही. तिला सगळ्यांसमोर, घाईत, गटाची हारजीत खांद्यावर घेऊन उत्तर द्यायचं नाही. घाबरलेल्या मुलाच्या डोक्यातली जागा भीती व्यापते आणि उणे चिन्ह लक्षात ठेवायला जागा उरत नाही. त्यामुळे येत असलेलं उदाहरणही चुकतं आणि मुलाला वाटतं आपल्याला येतच नाही. वरच्या एकाही खेळात घड्याळ नाही, ते मुद्दामच टाळलं आहे. नव्या खेळाचा पहिला तास तिला तिच्या आवडीच्या मैत्रिणीबरोबर बसू द्या आणि आधी एकटीला सांगा की आता हात वर करायचा खेळ बंद केला आहे. तिने विचारलं म्हणून बंद केला, असं वर्गात चुकूनही बोलू नका. एवढं करूनही तिला ग्रंथालयात जावंसं वाटलं तर एक-दोनदा जाऊ द्या, कार्डं बरोबर द्या.

जोड्या लावताना सर्वांत हुशार मुलाबरोबर सर्वांत कच्चं मूल बसवण्याची पद्धत आहे, ती टाळा. हुशार मूल सगळं करून टाकतं आणि दुसरं फासा टाकत बसतं. थोडाच फरक असलेली मुलं एकत्र बसवली की दोघंही बोलतात. जोड्या दर दोन-तीन आठवड्यांनी बदला.

भिंतीवरचा गुणतक्ता उतरवा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. गुण त्या डावापुरते असावेत आणि डावाबरोबर संपावेत. महिनाभर तळाशी राहिलेल्या गटाला पाचव्या शुक्रवारी खेळण्यात रस कसा उरेल? मोठ्या बक्षिसांचंही तसंच. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवर्गातल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. चित्र काढल्यावर बक्षीस मिळेल असं आधी सांगून ज्यांना ते दिलं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस मिळालं त्यांच्यात अशी घट दिसली नाही. तुमच्या मुलांना खेळ आवडतोच आहे, त्याला वरून आमिष कशाला?

खेळ कधी घ्यायचा, हेही बदला. बहुतेक जण त्याच आठवड्यात शिकवलेल्या घटकावर खेळ घेतात. मुलांना पटापट येतं, आपल्यालाही समाधान वाटतं आणि महिन्याने चाचणीत सगळं पुसलेलं असतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात हेच दिसलं. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत बाजी मारली, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत न बघता आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. तो प्रयोग उताऱ्यांचा होता, पण वर्गातला अनुभव बीजगणिताबद्दलही हेच सांगतो. म्हणून आज समीकरणं शिकवत असाल तर शुक्रवारी मागच्या महिन्यातल्या कंसांवर खेळ घ्या. मुलं अडखळतील, ‘बाई, हे विसरलो’ म्हणतील. त्या अडखळण्यासाठीच तो तास आहे. कार्डांच्या गठ्ठ्यात जुने दोन घटक मिसळले तर आणखी चांगलं, कारण मग कुठली रीत वापरायची हेही मुलालाच ठरवावं लागतं आणि चाचणीत नेमकं तेच करायचं असतं.

तासाची वाटणीही सांगते. ३५ पैकी खेळ १५, फार तर १८ मिनिटं. नंतर पाच-सात मिनिटं बोलणं : कुठे अडलात, कुठली चूक दोन-तीन गटांत झाली, ती कशी पकडली. उरलेल्या वेळात वही. खेळातल्याच प्रकारची तीन उदाहरणं प्रत्येकाने एकट्याने, चाचणीत लिहितात तशा मांडणीने सोडवायची. हा भाग बहुतेक ठिकाणी गळतो आणि खेळाचा फायदा तिथेच अडतो. कार्डावर ७ − क्ष बरोबर ओळखणारं मूल प्रश्नपत्रिकेत ‘सरळ रूप द्या’ असं वाचल्यावर ते आणि हे एकच आहे हे ओळखतंच असं नाही. तो दुवा वहीतच जोडावा लागतो. वेळ कमी पडला तर खेळ कमी करा, वही नको.

कार्डं तुम्ही एकटीने बनवत बसू नका. पहिला संच तुमचा, पुढचे मुलांकडून करून घ्या. ‘नेहमी, कधीकधी, कधीच नाही’ साठी समोरच्याला फसवेल अशी जोडी तयार करायची, तर नेहमीची चूक कुठली हे मुलाला आधी ओळखावं लागतं. घरचा अभ्यास म्हणून प्रत्येकाने दोन जोड्या करून आणल्या की पुढच्या शुक्रवारी ८४ कार्डं तुमच्यासमोर असतील. काही चुकीची असतील, ती तशीच खेळात ठेवा आणि गटांना सापडू द्या.

सहकाऱ्यांशी वाद घालू नका, आकडे दाखवा. पहिला नवा खेळ घेण्याआधी चार उदाहरणांची छोटी चिठ्ठी सोडवून घ्या : एक सजातीय पदांचं, दोन कंसाबाहेर उणे असलेली आणि एक दोन्हीकडे क्ष असलेलं समीकरण. गुण वहीत ठेवा, मुलांना सांगू नका. सहा शुक्रवारांनी तशाच पण वेगळ्या अंकांच्या चार उदाहरणांची चिठ्ठी पुन्हा घ्या आणि प्रत्येक उदाहरण किती मुलांना आलं ते शेजारी-शेजारी मांडा. ज्या प्रकारात फरक दिसेल तो खेळ चालू ठेवा. ज्यात दिसणार नाही तिथे आधी बघा, मुलं खेळताना ते उदाहरण खरंच वहीत सोडवत होती की अंदाजाने कार्डं टाकत होती. अंदाज चालत असेल तर नियम बदला : मांडणीशिवाय गुण नाही. मांडणी होत असूनही फरक नसेल तर तो घटक पुन्हा शिकवायला हवा आणि त्यासाठी एक शुक्रवार खेळाशिवाय गेला तरी चालेल.